लाहोरी फौजेची नातवंडं

नांदेडच्या जुन्या शीख घरांत एखाद्या वयस्क माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारलं, तर उत्तरात गावाचं नाव येत नाही, फौजेचं येतं. “अपन लाहोरी फौज के,” एवढं सांगून माणूस थांबतो. पंजाबात यांच्या पूर्वजांचं एखादं गाव असणारच. विहीर असेल, शेत असेल, कुणीतरी भावकीतलं असेल. पण पाच-सहा पिढ्यांच्या वाटेत ते गाव कुठेतरी गळून पडलं आणि फौज तेवढी राहिली. त्या फौजेचा राजा १८३९ मध्ये गेला, तिचं राज्य १८४९ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि तिचं लाहोर १९४७ मध्ये परदेश झालं. तरीही गोदावरीच्या काठी तिची नातवंडं आजही तिच्याच नावानं ओळख देतात. दोनशे वर्षं होत आली, मायभूमीशी असलेली ही गाठ सुटलेली नाही. ती कशी टिकली, हे मला माझ्या शेजारात कळलं, म्हणून त्या शेजारासह ते सांगते.

आमचं घर गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत होतं. भिंतीला भिंत लागून एका शीख कुटुंबाचं घर. त्या घरातल्या आजींना सगळी गल्ली ‘दादी’ म्हणायची, माझी आजीसुद्धा. दोघी जवळपास एका वयाच्या. दुपारी उन्हं उतरली की दोघी ओसरीवर बसायच्या. एक तूर निवडायची, दुसरी तिच्याशी दखनीत बोलायची. माझी आजी मराठीत उत्तर द्यायची. दादींच्या घरी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आमच्यासारखीच व्हायची, पण पहाटे तिथून जपजी साहिबचा आवाज येई आणि आमच्याकडून हरिपाठाचा. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत, आणि आम्हा मुलांना त्यांत वेगळं असं काही वाटत नसे.

दादींकडे गोष्टी होत्या. त्यांनी त्या आपल्या सासूकडून ऐकलेल्या, सासूनं तिच्या सासूकडून. फौजेची गोष्ट सुरू झाली की त्या पदर सावरून ताठ बसत. “लाहोर से निकले तो घोड्यां, बैलगाड्यां, सामान, सब साथ में. रस्ते में कितने मर गये, कितने रह गये. नर्मदा लांगी, तापी लांगी, फिर ये मुल्क आया. यहाँ की काली मिट्टी देखे तो डर गये, पाँव निकलताच नई था!” आम्ही हसायचो, कारण पावसाळ्यातली ती काळी माती आमच्याही पायांना ओळखीची होती.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी हेच पुस्तकांत शोधलं आणि दादींच्या गोष्टीचा सांगाडा खरा निघाला. त्या काळात हैदराबादच्या कारभाराची सूत्रं राजा चंदूलाल यांच्या हाती होती. पंजाबी खत्री घराण्यातले, नानकपंथाविषयी आदर असलेले. निजाम होते नासिर-उद-दौला. राज्यात बंडाळी होती, वसूल येत नव्हता, भरवशाची माणसं हवी होती. १८३२ मध्ये महाराजा रणजितसिंगांच्या दरबाराशी समझोता होऊन हजारावर शीख सैनिक दख्खनमध्ये आले. त्यांची छावणी हैदराबादजवळ बरंबाला इथे पडली. तो भाग आजही शीख छावणी म्हणूनच ओळखला जातो. त्याच सुमारास, १८३२ ते १८३७ या वर्षांत, महाराजांनी पाठवलेल्या पैशातून आणि कारागिरांच्या हातून नांदेडला दशमेश गुरू गोबिंदसिंगजींच्या अखेरच्या स्थानी आजचं तख्त, हजूर साहिब, उभं राहिलं. आतल्या गाभ्यात अंगिठा साहिब, म्हणजे जिथे गुरूंच्या देहाला अग्नी दिला ती जागा. वर सोनेरी घुमट. घडण अमृतसरच्या हरिमंदिराची आठवण देणारी.

म्हणजे ज्या वर्षांत माणसं पंजाबातून निघाली, त्याच वर्षांत पंजाबानं त्यांच्या मागोमाग आपल्या मंदिराची घडण पाठवली. परदेशी जाणाऱ्या फौजांना असं भाग्य फारसं लाभत नाही.

त्याआधीही इथे शीख होते, पण मूठभर. गुरू गोबिंदसिंगजी १७०८ मध्ये बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले. बादशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून निघाला होता. नांदेडला गुरूंवर हल्ला झाला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ते गेले. जाण्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथाला गुरुपद दिलं. सोबत आलेल्यांपैकी बहुतेक जण परत गेले, थोडे राहिले. खालसा पंथाच्या पहिल्या पाच प्याऱ्यांपैकी भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग यांचा शेवट इथेच झाला. या थोड्या माणसांनी सव्वाशे वर्षं दिवा राखला. मग फौज आली.

दादींच्या गोष्टींतला एक भाग मात्र पुस्तकांत मला पुसटसाच सापडला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे. एका दुपारी माझ्या आजीनं सहज विचारलं, “फौजेत बायका कुठून आल्या हो?” दादी जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “थोड्या पंजाब से आये. बाकी यहीच के थे. तेरे घर के, मेरे घर के. किसीकी बेटी मराठन, किसीकी तेलंगन. अमृत छक के कौर बन गये.” म्हणजे दीक्षा घेऊन शीख झाल्या. त्यांच्या सासूच्या सासूची आई म्हणे गोदाकाठच्याच कुठल्याशा गावची होती. तिला गुरुबाणी पाठ होती आणि जात्यावर बसली की ओव्याही येत.

हे ऐकल्यापासून मला मायभूमीचा प्रश्न वेगळा दिसू लागला. या माणसांच्या बापाकडची नाळ पाच नद्यांच्या देशात आणि आईकडची इथल्या मातीत. तरी घराची ओळख पंजाबची राहिली, कारण ती राखण्याचं काम त्या इथल्या मुलींनी केलं. ज्यांनी पंजाब कधी पाहिला नव्हता त्यांनी तो आपल्या लेकरांच्या तोंडात घातला: मुळाक्षरांत, अरदाशीत, कडा प्रसादाच्या कणीकतुपात, मुलाच्या डोक्यावर पहिल्यांदा बांधलेल्या पटक्यात. पुढे सोयरिकीही दख्खनमध्येच जुळत राहिल्या: हैदराबाद, नांदेड, बीदर. पंजाबात मुलगी द्यायची पद्धत नव्हती, आणायचीही नव्हती. दादी म्हणायच्या, “मायका देखी नई मैं, पर मायके की हूँ.” माहेर न पाहिलेली माहेरवाशीण! मी स्वतः नांदेडची लेक आणि लातूरची सून. अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यानं एसटीनं माहेरी जाताना हे वाक्य मला हटकून आठवतं. माझं माहेर काही तासांवर होतं. त्यांचं गोष्टींत होतं.

पण नुसत्या गोष्टींवर दोनशे वर्षं निघत नाहीत. नांदेडनं गोष्टींना रोजचं काम जोडून दिलं. पहाटे अंधारात गोदावरीचं पाणी गागर भरून तख्तावर आणतात. आणणारा गागरिया सिंग अनवाणी चालतो आणि त्या पाण्यानं अंगिठा साहिबची सेवा होते. संध्याकाळी दिव्यांनी आरती होते. गुरू ग्रंथ साहिबबरोबर दसम ग्रंथही इथे विराजमान आहे. गुरूंची शस्त्रं भाविकांना दाखवतात, त्यांना चंदन लागतं. दिवाळीच्या तोंडावर तख्त स्नान होतं. माणसं घागरी, कळश्या घेऊन नदीवर जातात आणि सगळं स्थान धुऊन निघतं. दसऱ्याला आणि होल्याला हल्ला महल्ला निघतो, निशाण साहिबामागे घोडे, नंग्या तलवारी आणि पळणारी हजारो माणसं. गुरूंच्या घोड्याचा वंश म्हणून राखलेले घोडे त्यात मानानं चालतात. लहानपणी आम्ही गच्चीवरून पाहायचो तेव्हा माझी आजी हात जोडायची. तिला त्यात पालखीच दिसायची.

यातल्या कितीतरी गोष्टी आज पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांत नाहीत. पंजाबात १८७३ पासून सिंग सभेची चळवळ सुरू झाली. १९०५ मध्ये हरिमंदिराच्या परिक्रमेतल्या मूर्ती हलवल्या गेल्या. १९२० नंतर अकाली चळवळ पेटली, ननकाना साहिबला माणसं बळी गेली आणि १९२५ च्या कायद्यानं पंजाबातले गुरुद्वारे शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीकडे आले. धार्मिक आचाराची मर्यादा एकसारखी झाली. नांदेड निजामाच्या राज्यात, त्या कायद्याच्या हद्दीबाहेर. इथे जुनी रीत चालू राहिली. पुढे हैदराबाद राज्याच्या विधानसभेनं १९५६ मध्ये नांदेड गुरुद्वाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि तीच वेगळी वाट कायद्यातही आली. पंजाबातून आलेले काही जण इथली आरती, इथला टिळा पाहून नाक मुरडतात, हे मी ऐकलं आहे. मला ते पटत नाही. मायदेश बदलत असतो, आणि दूर गेलेली माणसं त्याचं एखादं जुनं रूप मनापासून सांभाळून ठेवतात. पंजाबनं एका रीतीनं गुरूंना जपलं, नांदेडनं दुसऱ्या. दोन्हींत खोट नाही. पंजाबची नक्कल करण्याचा हट्ट हजुरी शिखांनी धरला असता, तर दर पिढीत ते मागे पडल्यासारखे झाले असते. त्यांनी आपलं ते धरून ठेवलं, म्हणून पंजाबला त्यांच्याकडे यावं लागलं.

आणि पंजाब आला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातून मनमाड-हैदराबाद रेल्वे धावू लागली, आणि ज्या वाटेला महिने लागत ती दिवसांवर आली. मनमाडला मोठी गाडी सोडून लहान रुळांच्या गाडीत बसायचं. तिथे उतरलेल्या पंजाबी यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून गुप्तसर साहिब गुरुद्वारा उभा राहिला. आजही मनमाड स्टेशनावर उतरलेला उपाशी माणूस तिथे जेवून जातो. नांदेडच्या लंगर साहिबची कथा याच काळातली. होशियारपूर जिल्ह्यातल्या नडालोंचे बाबा निधानसिंग सेवेसाठी इथे आले. यात्रेकरू जेवणावाचून राहतात हे पाहून त्यांचं मन उठलं आणि ते परत निघाले. तेव्हा स्टेशनावर गुरूंनी दर्शन देऊन ‘हात तुझा, खिसा माझा’ असं सांगितलं, अशी श्रद्धा आहे. ते माघारी फिरले आणि चूल पेटली. ती अजून विझलेली नाही. दादी ही कथा सांगताना नेहमी स्टेशनाच्या दिशेला बोट करत, जणू बाबा ज्यावर बसले होते तो बाक अजून तिथे आहे.

रेल्वेनं केलेलं मोठं काम हे, की तोवर नांदेडचे शीख पंजाबची वाट पाहत होते, आता पंजाब त्यांच्या दारात येऊन उतरू लागला. येणारा प्रत्येक यात्रेकरू बोलीचे नवे शब्द आणी, पिकांच्या बातम्या आणी, कुणाचं लग्न, कुणाचं मरण, कुठल्या गावी नवा गुरुद्वारा. दादींच्या ओसरीवर असे पाहुणे मी पाहिले आहेत. ओळख ना पाळख, पण ‘हजूर साहिबचे’ म्हणून आत बोलावलेले. त्यांच्या पंजाबीत आणि दादींच्या पंजाबीत इतकं अंतर पडलं होतं की कधीकधी दोघांना हिंदीवर यावं लागे. तरी अरदास सुरू झाली की दोघांचे शब्द एक होत.

मग फाळणी झाली. लाहोरी फौजेच्या नातवंडांसाठी लाहोर सीमेपलीकडे गेलं. ननकाना साहिब गेलं, करतारपूर गेलं. पश्चिम पंजाबातून उठलेली काही कुटुंबं फिरत फिरत नांदेडलाही आली. दादींचं नुकतंच लग्न झालेलं. त्या सांगत, एक बाई आली, तिच्याजवळ कुलपाची किल्ली होती, कुलूप लाहोरच्या घराला. ती किल्ली ती बाई उशाशी घेऊन झोपायची. दादींच्या सासऱ्यांनी तिला विचारलं, लाहोर कसं आहे? शंभरावर वर्षं ज्या शहराच्या नावानं घर ओळखलं गेलं त्या शहराबद्दल त्या घरानं केलेला तो पहिला प्रश्न असावा. ती बाई बोलली नाही, रडली फक्त. वर्षभरात सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्यही संपलं. ज्या दोन राज्यांमध्ये समझोता होऊन ही माणसं इथे आली होती, ती दोन्ही राज्यं इतिहासजमा झाली. फौजेला मालक उरला नाही, तख्त उरलं.

निजामी अमलात या सैनिकांचं काम तालुक्या-तालुक्यांत असे: खजिन्यावर पहारा, वसुलीच्या पैशाची राखण. तरीही लातूरकडे मी सून म्हणून आले तेव्हा वाटलं, शीख इतिहास नांदेडला मागे राहिला. तसं नव्हतं. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, आणि बीदरची पंजाबशी गाठ फौजेहूनही जुनी आहे. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरूंनी शीर मागितलं तेव्हा उठलेल्या पाच प्याऱ्यांपैकी एक, भाई साहिबसिंग, बीदरचे होते, न्हावी समाजातले. गुरू नांदेडला येण्याच्या नऊ वर्षं आधी आमच्या या भागातला माणूस तिकडे जाऊन खालसा पंथाच्या पायात उभा राहिला होता! मुक्तसरच्या लढाईत चाळीस जणांना परत वळवणाऱ्या माई भागो गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आल्या आणि गुरूंच्या पश्चात बीदरजवळ जनवाड्याला राहिल्या. त्यांचं तपस्थान तिथे आहे. माझ्या सासूबाई उदगीरच्या. त्या बीदरच्या नानक झिऱ्याला लहानपणी बैलगाडीतून गेल्याचं सांगत: खडकातून येणारं गोड पाणी, आणि तिथे पोटभर मिळालेलं जेवण. त्या घरात शीख कुणी नव्हतं, पण बाळंतपणाचा नवस झिऱ्याला बोलला जाई.

मायभूमी दुरावलेल्या माणसांचा विषय निघाला की मला पारशी आठवतात. इराण सोडून ते गुजरातच्या किनाऱ्याला लागले, त्याला हजारावर वर्षं झाली. इराणशाह अग्नी त्यांनी अनेक जागी लपवत, हलवत जपला; १७४२ पासून तो उदवाड्याला आहे. पण नुसता अग्नी जपून ते थांबले नाहीत. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवलं. मागे राहिलेल्या आपल्या धर्मबांधवांची दैना त्यांनी पाहिली, शाळा काढल्या, दरबारी खेटे घातले, आणि १८८२ मध्ये तिथल्या झरथुष्ट्रींवरचा जिझिया उठला. दूर गेलेल्या लेकरांनी मायदेशाचं ऋण असं फेडलं. नात्याला जीव येतो तो अशा परतफेडीनं. केवळ आठवण काढत बसलं तर ते नातं फोटोसारखं भिंतीवर राहतं.

नांदेडनं पंजाबला काय दिलं, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर फौजेच्याही आधीचं आहे. गोदाकाठी माधोदास नावाचा एक बैरागी मठ करून राहत होता. १७०८ मध्ये गुरू त्याला भेटले आणि बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला. नांदेडहून गुरूंचे बाण, निशाण आणि हुकुमनामे घेऊन तो निघाला, आणि दोन वर्षांच्या आत, मे १७१० मध्ये, ज्या सरहिंदला गुरूंचे धाकटे पुत्र मारले गेले होते ते सरहिंद त्यानं जिंकलं. कुळांना जमिनीचे हक्क दिले, अशी त्याची कीर्ती आहे. पंजाबातल्या पहिल्या शीख राज्याची वाट नांदेडच्या घाटावरून निघाली आहे. हे नांदेडच्या शाळांत आणखी ठळकपणे शिकवलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याच्याही चारशे वर्षं आधीची एक वाट आहे, ती तर थेट आपली. हिंगोलीजवळचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. नांदेडहून ते फार दूर नाही. नामदेव उत्तरेला गेले, पंजाबात राहिले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांची स्मृती आजही पूजली जाते. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. म्हणजे दादींच्या घरात पहाटे जी बाणी वाचली जाई तिच्यात आमच्या हरिपाठाच्या घराण्याचा माणूस आधीच बसलेला होता. मी हे दादींना सांगायला गेले, तर त्यांना ते माहीत होतं. “नामदेवजी तो तुम्हारेच हैं. हमकू उधर मिले,” त्या म्हणाल्या. एप्रिल २०१५ मध्ये घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. पुष्कळांनी विचारलं, मराठीचं संमेलन पंजाबात कशाला? मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न पडू नये. ज्या गावानं आपला माणूस सातशे वर्षं सांभाळला तिथे एकदा जाऊन येणं हे कर्तव्यच होतं.

दादी पंजाबला गेल्या त्या सचखंड एक्स्प्रेसनं, म्हातारपणी, नातवाबरोबर. तोवर नांदेड ते अमृतसर थेट गाडी झालेली. दोन हजारांवर किलोमीटरची वाट, आणि त्या वाटेवरच्या काही स्टेशनांवर सेवादार डाळ, भात, खिचडी घेऊन उभे. पैसे न घेता प्रवाशाच्या भांड्यात वाढतात, मग तो कुठल्याही धर्माचा असो. दादी सांगत, घरून दशम्या नेल्या होत्या त्या तशाच राहिल्या. अमृतसरला हरिमंदिराच्या आवारात कुणीतरी पंजाबी बाईनं विचारलं, माताजी, कुठून आलात? दादी म्हणाल्या, हजूर साहिब. त्या बाईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

परत आल्यावर दादींनी हा प्रसंग गल्लीतल्या प्रत्येकीला सांगितला. त्या पंजाबात आपलं मूळ शोधायला गेल्या होत्या आणि पंजाबनं त्यांच्याकडेच तीर्थ म्हणून पाहिलं. “पर शाम को बेटा, वहाँ दियों की आरती नई,” असं त्या हळूच जोडत. “मेरेकू अपनी गोदावरी याद आयी.” पंजाब पाहायला आयुष्यभर झुरलेल्या बाईला अमृतसरमध्ये नांदेडची आठवण आली, यात मला कुठलाही विरोध दिसत नाही. ज्याला दोन घरं आहेत त्याला एका घरात दुसरं आठवणारच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची, म्हणजे ग्रंथाला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी झाली. रस्ते रुंद झाले, घाट बांधले, विमानतळ झाला, आणि गुरुद्वाऱ्याभोवतालच्या गल्ल्यांचं रूप पालटलं. जगभरातून, कॅनडा-इंग्लंडातून, शीख आले. दादी तेव्हा नव्हत्या. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडला अडकले. महिनाभर त्यांचं राहणं-जेवण गुरुद्वाऱ्यानं आणि लंगरानं केलं. एप्रिलच्या अखेरीस पंजाबातून बसगाड्या येऊन त्यांना घेऊन गेल्या. १८३२ मध्ये पंजाबातून निघून आलेल्यांची नातवंडं २०२० मध्ये पंजाबातून आलेल्यांना अन्न देत होती. ऋणाची फेड आणखी कशी असते?

आता दादींच्या घरातली पोरं मराठी शाळेत शिकलेली आहेत. माझ्याशी बोलतात तेव्हा नांदेडी मराठीतच बोलतात, ‘काय करू लालाव’ म्हणतात. गुरुमुखी त्यांना वाचता येते, मोबाइलवर हरिमंदिराचं कीर्तन रोज ऐकतात. पंजाबातल्या मुलांपेक्षा त्यांना पंजाबची खबर कमी नाही. हे चांगलंच आहे, पण त्यात एक धोका मला दिसतो. मोबाइलवर येणारा पंजाब सगळ्यांना सारखाच मिळतो, मग तो कॅनडात बसलेला असो की नांदेडात. चिखलात रुतलेल्या पायांची गोष्ट, अमृत छकून कौर झालेल्या मराठी मुलीची गोष्ट, उशाखालच्या किल्लीची गोष्ट त्यात नाही. ती फक्त या गल्लीत आहे, आणि सांगणारी माणसं एकेक करून जात आहेत. दादींच्या गोष्टी मी लहान होते म्हणून ऐकल्या, मोठी झाले तेव्हा लिहून घ्यायला हव्या होत्या. थोड्या लिहून घेतल्या, बाकीच्या त्यांच्याबरोबर गेल्या.

२०३२ मध्ये लाहोरी फौज दख्खनमध्ये आल्याला दोनशे वर्षं होतील. सोहळे होतील, व्हावेतच. पण त्याआधी एक काम करता येण्यासारखं आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांची मुलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात. इतिहास आणि मराठी विभागांनी या मुलांना नांदेडच्या शहीदपुरा, बडपुरा, अबचलनगर इथल्या ओसऱ्यांवर पाठवावं. बीदर आणि उदगीरकडेही पाठवावं. ऐंशी-नव्वदीतल्या दाद्यांना, बाबांना बोलतं करावं; दखनीत, पंजाबीत, मराठीत, जसं त्यांच्या तोंडी येईल तसं ध्वनिमुद्रित करावं; कुठली सासू कुठून आली, कुठल्या तालुक्याच्या खजिन्यावर कोण उभा होता, सगळं विचारावं. शीख घरांतल्या नातवंडांनी तर याची वाट पाहूच नये. फोन हातात आहे, आजी घरात आहे. आज संध्याकाळी, आरती झाल्यावर, तिच्याजवळ बसा आणि विचारा: फौजेत बायका कुठून आल्या?